चांगल्या बातमीची झडती

बुटीबोरीच्या एका कापड कंपनीच्या गेटवर प्रेमिला नगराळे बायकांची झडती घेते. झडती म्हटलं की लोकांना वाटतं, वरवर हात फिरवायचा आणि सोडून द्यायचं. छे हो! प्रेमिलाची झडती म्हणजे झडती. अंबाडा चाचपायचा, पदराची घडी मोकळी करायची, चपलेचा तळवा वाकवून पाहायचा. पाळी सुटताना गेटवर एक बटण असतं. प्रत्येकीनं ते दाबायचं, हिरवा दिवा लागला की घरी, लाल लागला की पडद्याआड प्रेमिलापुढे. दिवा मशीन आपल्या मनानं लावतं आणि प्रेमिलाचा त्या मशीनवर काडीचा विश्वास नाही. हिरवा दिवा लागलेल्या बाईकडेही ती अशी काही पाहते की ती बिचारी आपणहून पिशवी पुढे करते.

"काय वं प्रेमिला, आमी का चोर आहो?" एखादी चिडून विचारते.

"ते पायल्यावरच समजन ना बाई," ही म्हणते आणि पाहते.

जन्मापासून अशी नव्हती बरं ती. पारशिवनीकडच्या खेड्यातून लग्न होऊन नागपुरात आली तेव्हा शेजारणीकडे घराची किल्ली टाकून बाजारात जाणारी बाई होती. गेटवर लागली त्या पहिल्याच वर्षी सरिता नावाच्या मैत्रिणीला तिनं "जा वं लवकर, बस निंगते तुयी" म्हणून तसंच सोडलं. बाहेरच्या गेटवर त्या सरिताच्या पोटाशी साडीखाली गुंडाळलेलं कोरं कापड निघालं. सरिताची नोकरी गेली, पण प्रेमिलालाही महिनाभर घरी बसवलं. हिचा हिस्सा होता की काय, अशी कुजबुज झाली ती वेगळीच. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. भाजीवाल्यानं कोथिंबिरीच्या दोन काड्या फुकट दिल्या तर ही घरी येऊन टमाटे उलटेपालटे करते, सडका कोणता घातला म्हणून. नवरा विश्वनाथ मौद्याकडे वीजकेंद्राच्या राखेच्या टँकरवर ड्रायव्हर, घरी येतो तो रविवारी. तो हसून म्हणतो, "मी तं दारातच खिसे उलटे करून उभा राहतो बावा, टाइम कायले घालवाचा?"

हसण्यावारी नेणारा नवरा होता म्हणून निभलं. पोरगा रजत मात्र हसण्यासारखा नव्हता. नववीत होता, आणि आठवीपासून त्यानं शाळेच्या नाकी नऊ आणले होते. नळाच्या तोट्या फिरवून ठेवल्या, बाकाचे खिळे काढले, एका बाईंनी फळ्याकडे तोंड केलं की मागून कोंबडा आरवायचा. शेवटी मुख्याध्यापिका नंदिनी मॅडमनी प्रेमिलाला समोर बसवून सांगितलं, "आता एक जरी तक्रार आली ना, तर दाखला हातात देईन. मग शोधा दुसरी शाळा."

दुसरी शाळा कोण देणार होतं असल्या पोराला? दाखला मिळाला की काय होतं ते प्रेमिला रोज पाहत होती. कंपनीच्या गेटवर ठेकेदारानं वय चोरून कामाला लावलेली पोरं यायची, ओठावर मिसरूड फुटायची होती अशी. संध्याकाळी ती पुरुष गार्डापुढे हात वर करून उभी राहायची. रजतनं तिथं उभं राहू नये, एवढीच प्रेमिलाची इच्छा होती. त्यासाठी तिला जे येत होतं ते ती करत होती, म्हणजे पोरगा शाळेतून आला की दप्तर आणि खिसे तपासत होती.

दिवाळीनंतर शाळेत धम्मानंद रामटेके नावाचे नवे सर आले आणि रजतचा वर्ग त्यांच्याकडे गेला. आठवडा झाला नसेल. प्रेमिलानं ड्यूटी संपवून गार्ड केबिनमधून आपला मोबाईल घेतला आणि तो हातातच वाजला. शाळेचा नंबर. पाचावर धारण बसली बाईची. संपलं, दाखला!

"रजतच्या आई ना? मी त्याचा वर्गशिक्षक बोलतोय."

"काय केलं जी त्यानं?"

"काही नाही ताई. आज वर्गात एका मुलीची पाण्याची बाटली सांडली, वह्या भिजल्या. रजतनं कोणी न सांगता फडकं आणून सगळं पुसलं. मला बरं वाटलं, म्हटलं तुम्हाला सांगावं."

"अन् मंग?"

"मग काही नाही. ठेवू?"

आणि त्या माणसानं खरंच फोन ठेवला! प्रेमिला मोबाईलकडे पाहतच राहिली. कंपनीच्या बसमध्ये बसली तरी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शाळेतून फोन येतो तो तक्रारीचा, नाहीतर फीचा. पाणी पुसलं हे सांगायला कोण फोन करतं? शेजारच्या सीटवर घड्या घालायच्या खात्यातली रुखमाबाई होती, तिला तिनं सगळं सांगितलं.

"अवं, बरं सांगितलं तं खुश हो ना!" रुखमाबाई म्हणाली.

"खुश कायची होऊ? माले तं इथं पानी मुरताना दिसते. ट्यूशन असन त्याची. नाही तं पॉलिसी विकत असन. बायको साड्या विकत असन घरून. पयले गोड बोलतीन, मंग मांगतीन."

वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबाखाली उतरेपर्यंत तिनं त्या सराच्या बायकोचं साड्यांचं दुकानसुद्धा मनात मांडून टाकलं होतं. घरी आल्याबरोबर रजतला समोर उभं केलं.

"पानी कोनं सांडलं?"

"पायलनं."

"तू धक्का देल्ला असन."

"नाही देल्ला."

"मंग पुसलं काहून?"

आता तुम्हीच सांगा, सांडलेलं पाणी पुसलं काहून, याला पोरानं काय उत्तर द्यावं? तो गप्प राहिला आणि गप्प राहिला म्हणूनच प्रेमिलाची खात्री झाली. त्या दिवशी तिनं कंपासपेटीसुद्धा उपडी केली.

चार दिवसांनी पुन्हा फोन. रजत आज पूर्ण तास जागेवरून उठला नाही. मग पुन्हा. दोन पोरं भिडली होती, रजत मध्ये पडला आणि त्यानं स्वतः हात उचलला नाही. दरवेळी सर एवढंसं सांगत आणि फोन ठेवत. मागणी काही येईना. मागितलं असतं तर प्रेमिलाचा जीव भांड्यात पडला असता. मागत नाही म्हणजे मोठंच काही मागायचं असणार, असं तिनं ठरवून टाकलं.

मग तिनं रजतकडून त्या सराची माहिती काढायला घेतली. रोज चहा पिताना एकेक प्रश्न.

"मारते का तुमचा सर?"

"नाही."

"वरडते?"

"नाही. गोंगाट झाला का तो आपला आवाज आनखी बारीक करते. मंग आमालेच चुप बसा लागते, नाही तं काय सांगून राहिला ते ऐकूच येत नाही."

"अन् तू मस्ती केली तं?"

"जवळ येऊन उभा राहते. सगळ्यायपुढं नाही बोलत, कानात सांगते."

प्रेमिलाचे डोळे बारीक झाले. "कानात काय सांगते?"

"हेच का, आता बस म्हून."

कानात सांगतो! गेटवरचा तिचा अनुभव असा की जे चारचौघांत बोलण्यासारखं असतं ते कानात कोणी बोलत नाही. वर आणखी कळलं की जो पोरगा जागेवर टिकत नव्हता त्यालाच सरांनी वह्या वाटायचं काम दिलं होतं. उठायला-फिरायला मोकळीक मिळाली आणि पोरगा खूश. प्रेमिला म्हणाली, "म्हंजे फुकटचा चपराशी पायजेन होता त्याले." पण तेही तिला पुरेसं कारण वाटेना.

खरं सांगायचं तर रजत बदलला होता, आणि ते तिच्या डोळ्यांना दिसत होतं. सकाळी स्वतः उठायचा. शर्टाचं तुटलेलं बटण त्यानं आपल्या हातानं लावलं. एकदा तर गणित सोडवताना गुणगुणत होता. दुसरी आई असती तर तिनं शेजारी जाऊन चार घरी सांगितलं असतं. प्रेमिलाला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. पोरगा एकाएकी चांगला वागू लागला तर त्याला झालंय तरी काय? सरिताही त्या दिवशी नेहमीपेक्षा गोडच बोलली होती.

एका बुधवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, ती शाळा भरायच्या वेळी समोरच्या पानठेल्याआड जाऊन उभी राहिली. धम्मानंद सर फाटकात उभे होते. बारीक अंगाचा, चष्म्याचा माणूस. येणाऱ्या एकेका पोराला नावानं हाक मारत होते, कोणाला आजीचं दुखणं विचारत होते, कोणाच्या पाठीवर थाप. रजत आला तेव्हा दोघं काहीतरी बोलून हसले. प्रेमिला बारकाईनं पाहत होती. सगळी पोरं आत गेली, फाटक लागलं. ती चक्रावून घरी आली. गेटवर उभा राहतो आणि एकाचीही पिशवी उघडत नाही! मग उभा कायले राहते हा माणूस?

आता तिला राहवेना. वर्गात काय चालतं ते कानानं ऐकल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. घरात तिचा जुना मोबाईल होता. त्याचा नंबर फक्त विश्वनाथकडे होता, घरात नेहमीच्या नंबरला रेंज नसली की हा लागावा म्हणून. पुढच्या बुधवारी सकाळी रजत आंघोळीला गेला तसं तिनं त्या मोबाईलवर आवाज भरायचं सुरू केलं आणि तो दप्तराच्या तळाशी, जुन्या चित्रकलेच्या वहीखाली सारून दिला. दहा वर्षं लोकांनी लपवलेलं शोधण्यात गेली होती, तेव्हा लपवावं कुठं हे काय तिला शिकवायला हवं? मोबाईलची घंटी बंद करायची तेवढी राहिली.

साडेनऊच्या सुमाराला मौद्यात टँकर रांगेत लागला. विश्वनाथनं बायकोचा नेहमीचा नंबर लावला, तो लागेना, म्हणून दुसरा लावला. तेव्हा नववीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता आणि तो घेत होत्या स्वतः नंदिनी मॅडम. दप्तरातून मोबाईल असा काही ठणाणा वाजायला लागला की मागच्या बाकावरची पोरं टाळ्या पिटू लागली. शाळेत मोबाईल आणायला सक्त मनाई. मॅडमनी दप्तर उपडं केलं आणि विचारलं, "कोणाचा आहे हा?"

रजतनं मोबाईल ओळखला. खाली मान घालून म्हणाला, "माया आहे. मीच आनला."

प्रेमिलाला बोलावणं गेलं. ती तशीच, घरच्या साडीवर, रिक्षात बसून आली. ऑफिसात मॅडम, टेबलावर मोबाईल, भिंतीला टेकून रजत, आणि खिडकीपाशी धम्मानंद सर. मॅडम म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तुम्हाला. आज दाखला तयार करायला सांगते."

"मॅडम, थांबा जी! तो मोबाईल माया आहे. मीनं ठेवला त्याच्या दप्तरात. त्याले मालूमही नाही."

मॅडम दमल्यासारख्या हसल्या. "ताई, पोराला वाचवायला सगळ्या आया हेच सांगतात. तो स्वतः कबूल झालाय."

"खरं सांगून राहिली मी!"

"हेही सगळ्या म्हणतात."

प्रेमिलाच्या तोंडचं पाणी पळालं. ती खरं बोलत होती, अगदी खरं, आणि समोरच्या बाईला ते पटवायला तिच्याकडे शब्द सोडून काहीच नव्हतं. गेटवर तिच्यापुढे रडणाऱ्या बायकांना कसं वाटत असेल, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. तिला बसा म्हणायलाही कोणी तयार नव्हतं.

धम्मानंद सर पुढे आले. टेबलावरचा मोबाईल उचलून त्यांनी रजतच्या हातात दिला. "तुझा आहे ना? उघडून दाखव."

रजतनं स्क्रीनवर बोट फिरवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. उघडेना. आईनं कधी त्याला दाखवलंच नव्हतं ते कसं उघडायचं. सरांनी मोबाईल प्रेमिलापुढे धरला आणि तिनं एका झटक्यात उघडला. आत आवाज भरणं चालूच होतं, आकडे पुढे सरकत होते.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. प्रेमिला म्हणाली, "सर वर्गात काय करतात ते ऐकाचं होतं. सर फोन करतात, रजत असा चांगला, तसा चांगला. माले समजेना जी. माया पोराची तारीफ कोनी कायले करन?"

बोलून गेली आणि मग तिचं लक्ष रजतकडे गेलं. पोरगा तिच्याकडे पाहत नव्हता, सरांकडे पाहत होता.

"सर, आता घरी फोन नका करत जाऊ," तो म्हणाला. "बदमाशी केली तं मायची एक झापड भेटते, गोष्ट संपते. चांगलं केलं तं झोपेपर्यंत इचारते, काहून केलं म्हून."

मॅडम जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "अरे, पण तू खोटं कशाला बोललास? दाखला मिळाला असता तुला."

रजतनं नाक पुसलं. "मायनं ठेवला म्हटलं असतं तं सरले वाटलं असतं, याच्या मायचाच याच्यावर भरोसा नाही, तं आपन काहून कराचा? मंग सरनंही केला नसता."

प्रेमिलाला वाटलं, जमीन फाटावी. पोरानं दाखला पत्करला होता, शाळा सोडायची तयारी केली होती, पण आईला आपण चोर वाटतो हे सरांना कळू द्यायला तो तयार नव्हता. आणि ते तिनंच, सगळ्यांदेखत, त्याच्यापुढे सांगून टाकलं होतं.

दाखला काही निघाला नाही. मॅडमनी मोबाईल परत दिला आणि म्हणाल्या, "पोरांची तक्रार मी आईकडे करते. आईची तक्रार मी कुणाकडे करू, तेवढं सांगा." प्रेमिलानं मान खाली घातली. रजत वर्गात गेला. धम्मानंद सर तिला फाटकापर्यंत सोडायला आले.

"एक कराल का ताई? रोज त्याला त्याची एक चांगली गोष्ट सांगा. खरी असली पाहिजे, बळंच नको. आणि सांगून झालं की थांबा. मागे प्रश्न जोडू नका."

"अन् दप्तर?"

"दप्तर त्याचं आहे."

ती फाटकाला धरून उभी राहिली. इतकं झालं तरी स्वभाव कुठं जातो? विचारलंच तिनं, "याच्यात तुमाले काय भेटते जी?"

सरांना राग आला नाही. "वर्ग शांत राहतो ताई. मला शिकवता येतं. ओरडून ओरडून माझा घसा बसायचा पहिले."

हे तिला पटलं. महिनाभरात त्या माणसाचं पहिलंच बोलणं तिला पटलं, कारण त्यात त्याचा फायदा दिसला.

त्या दिवशी रजत घरी आला तेव्हा ती मुद्दाम स्वयंपाकघरात बसली. दप्तर बाहेर खुंटीला होतं आणि तिचे हात नुसते शिवशिवत होते. तिनं एकच पालक दोनदा निवडला, तांदूळ तीनदा धुतले, पण बाहेर गेली नाही. चांगली गोष्ट कोणती सांगायची ते ती शोधत होती. सांगायला होतं खूप, पण तिला ते तोंडातून काढायची सवय नव्हती. जेवताना दोन वेळा "रजत" म्हणून तिनं सुरुवात केली आणि दोन्ही वेळा भात वाढून मोकळी झाली.

सकाळी मात्र तिनं मनाशी ठरवलंच. वाक्य जुळवलं, डबा भरला आणि तो हातात घेऊन पुढच्या खोलीत आली.

रजत जमिनीवर बसला होता. दप्तरातली सगळी पुस्तकं त्यानं बाहेर काढली होती. एकेक पुस्तक पाठीवर धरून झटकत होता. मग त्यानं रिकाम्या दप्तरात हात घातला, कप्पे चाचपले, अस्तरावरून बोटं फिरवली, पट्टा दुमडून पाहिला.

"काय शोधून राहिला गा?"

"काही नाही. तू काही ठेवलं का, ते पाहून राहिलो."

आवाजात राग नव्हता. आज गुरुवार आहे, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. प्रेमिलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तरी तिनं जुळवलेलं वाक्य म्हटलं.

"काल तू मायी इज्जत राखाले गेला. लय चांगलं केलं बेटा."

रजतनं वर पाहिलं. पुढचा प्रश्न येईल म्हणून तो थोडा वेळ थांबला. प्रश्न आला नाही. मग त्यानं पुस्तकं परत भरली, उठला, आणि तिच्या हातातून डबा घेतला. झाकण उघडून त्यानं पोळी एका बाजूनं उचलली, खाली पाहिलं, झाकण लावलं आणि डबा दप्तरात टाकला.

"येतो वं माय," म्हणाला आणि शाळेत गेला.